जुन्या लॉन्ड्रीची जागा, काउंटीची मदत आणि अडलेला एक फॉर्म

"तुमचा फॉर्म अजून रिव्ह्यूमध्ये आहे." मार्चअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत हे वाक्य मी काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या, ऑफिसातून इतक्यांदा ऐकलं की पलीकडून "हॅलो" आल्याबरोबर मला पुढचं कळायचं. २०२३ ची ही गोष्ट. दुकान आता चालू आहे, पण ते अकरा आठवडे आठवले की अजून पोटात कालवाकालव होते. इथे मिशिगनमध्ये आपल्यातले बरेच जण धंद्यासाठी जुन्या जागा बघू लागले आहेत, म्हणून सगळं लिहून ठेवते.

मी मूळची सोलापूरची. कडक भाकरी, शेंगा चटणी, पुरणपोळी, दिवाळीत फराळ, असा माझा धंदा. घरात पसारा मावेना तेव्हा एका रहदारीच्या रस्त्यावर दोन गाळ्यांची बैठी इमारत होती, तिच्यातला उजवीकडचा लहान गाळा आम्ही भाड्याने घेतला. पीठ, दोन डीप फ्रीझर, पॅकिंगचं टेबल. लेक शाळेतून थेट तिथेच यायची आणि पिठाच्या पोत्यांना टेकून अभ्यास करायची. डावीकडचा मोठा गाळा रिकामा होता. पूर्वी तिथे फुलांचं दुकान होतं, एवढंच आम्हाला माहीत. दोन्ही गाळे एकाच आजींच्या मालकीचे. मोठा गाळा विकायचा आहे म्हणून त्यांनी आधी आम्हालाच विचारलं, आणि भावही आमच्या आवाक्यातला होता.

बँकेने कर्जाआधी फेज वन मागितला. फेज वन म्हणजे जागेचा पूर्वेतिहास. यात माती खणत नाहीत. जुने नकाशे, विमानातून काढलेले फोटो, सरकारी नोंदी तपासतात आणि जागा फिरून बघतात. आमच्या कन्सल्टंटने गावाच्या जुन्या पोल्क डिरेक्टऱ्या काढल्या. कोणत्या पत्त्यावर कोण धंदा करत होतं, हे त्यांत वर्षागणिक छापलेलं असतं. साठच्या दशकातल्या डिरेक्टऱ्यांमध्ये ओळीने आमच्या पत्त्यापुढे एकच शब्द होता: क्लीनर्स. फुलांच्या दुकानाच्या आधी तिथे ड्राय क्लीनिंगची लॉन्ड्री होती.

ड्राय क्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी जे द्रावक सर्रास वापरत आले आहेत त्याला इथे सगळे पर्क म्हणतात. पूर्ण नाव परक्लोरोएथिलीन. पाण्यापेक्षा ते दीडपटीहून जास्त जड. सांडलं की काँक्रीटमधूनसुद्धा झिरपतं, जमिनीत खोल उतरतं आणि पुढे कित्येक वर्षं त्याची वाफ फरशीच्या फटींतून वर खोलीत येत राहते. त्याने माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता आहे, असं केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०१२ मध्येच म्हटलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी ड्राय क्लीनिंगमधला त्याचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचा नियमही काढला. फेज वनचा अहवाल वाचला त्या रात्री मला एकच दिसत होतं: पोत्यांना टेकून बसलेली लेक, आणि मध्ये एकच भिंत.

जागा सोडून द्या, असं चार जणांनी सांगितलं. पण अशा जागांसाठी इथे मदत मिळते, हे कन्सल्टंटकडूनच कळलं. प्रदूषणाच्या भीतीने पडून राहिलेल्या धंद्याच्या जागेला ब्राऊनफिल्ड म्हणतात. २००२ च्या कायद्याने ईपीए अशा जागांच्या तपासणीसाठी काउंट्यांना, शहरांना अनुदान देते. शिवाय मिशिगनचा स्वतःचा १९९६ चा कायदा आहे, ॲक्ट ३८१. त्याखाली काउंटीचं किंवा शहराचं ब्राऊनफिल्ड प्राधिकरण असतं आणि ते सफाईचा खर्च त्याच जागेच्या वाढीव घरपट्टीतून परत मिळवून देऊ शकतं. आमच्या काउंटीकडे तपासणीचं अनुदान शिल्लक होतं. फेज टू, म्हणजे प्रत्यक्ष माती आणि वाफेची तपासणी, ते करून देणार होते. स्वतःच्या खिशातून केली असती तर आमचं भांडवल तिथेच संपलं असतं.

त्यासाठी एक पात्रता-फॉर्म भरायचा, काउंटी तो तपासून शिकागोच्या ईपीए कार्यालयात पाठवणार, तिथून होकार आला की काम सुरू. होकाराच्या आधी केलेल्या कामाचे पैसे अनुदानातून मिळत नाहीत. हे पक्कं लक्षात ठेवा, घाईने स्वतः ड्रिलिंगवाला बोलावू नका.

फॉर्ममध्ये प्रश्न होता: या पत्त्यावरच्या जागेचा वापर तुम्ही आजपर्यंत कधी केला आहे का? मी खरं तेच लिहिलं. हो, १४ महिन्यांपासून शेजारचा गाळा भाड्याने आहे.

तिथेच सगळं अडलं.

त्यामागचा कायदा समजायला मला बरेच दिवस लागले. मिशिगनमध्ये ५ जून १९९५ ला किंवा त्यानंतर तुम्ही प्रदूषित जागेचे मालक किंवा चालक, म्हणजे ऑपरेटर, झालात, तर प्रदूषण दुसऱ्याने केलेलं असलं तरी जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. त्यातून सुटायचं असेल तर बेसलाइन एन्व्हायर्नमेंटल असेसमेंट करावं लागतं. इथे सगळे त्याला बीईए म्हणतात. मी येण्याआधीच जागा अशी होती, याची ती नोंद. ती खरेदी किंवा ताबा, यांत जे आधी घडलं त्यापासून ४५ दिवसांत करायची आणि सहा महिन्यांत राज्याच्या पर्यावरण खात्याला द्यायची. आता दोन्ही गाळ्यांचा रस्त्यावरचा नंबर एकच, आमचा फक्त "बी". काउंटीतल्या अधिकाऱ्याने त्यावरून धरलं की मी १४ महिने त्याच प्रदूषित जागेत धंदा करते आहे, ४५ दिवस केव्हाच उलटून गेले आहेत, म्हणजे मीच जबाबदार. आणि जो जबाबदार त्याला सरकारी पैसा देता येत नाही.

यातलं काहीही मला त्या वेळी कोणी सांगितलं नाही. एका ओळीची ईमेल आली: तुमच्या 'ऑपरेटर' दर्जाबाबत कायदेशीर विभागाचं मत मागवलं आहे. मग शांतता. दर सोमवारी मी फोन करायची. बाई नम्रपणे सांगायच्या, रिव्ह्यू चालू आहे. कशाचा रिव्ह्यू, कोणता कागद हवा, कोणाकडे पडलाय, काही नाही. मी भाडेकराराची प्रत पाठवली, पोच नाही. विजेची बिलं पाठवली, पोच नाही. एकदा अर्धा दिवस दुकान बंद ठेवून स्वतः गेले, तर साहेब ट्रेनिंगला. काउंटरवर माझं नाव आणि फोन नंबर एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून घेतला. त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं कोण जाणे, फोन आला नाही.

इकडे घड्याळं दोन चालू होती. आजींशी केलेल्या करारात जूनअखेर खरेदी पूर्ण करायची होती. मुदत वाढवायला त्यांच्या वकिलाने जादा पैसे मागितले, आणि ते आम्ही दिले. दुसरं घड्याळ फेज वनचं. त्यातल्या मुलाखती, पाहणी, सरकारी नोंदींची तपासणी ही कामं खरेदीच्या दिवशी १८० दिवसांपेक्षा जुनी चालत नाहीत. आमची पाहणी १० मार्चची. म्हणजे सप्टेंबरचा पहिला आठवडा उलटला की परत पैसे भरून ताजी करून घ्यायची. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ५ सप्टेंबरला लाल गोल केला होता. पोळ्या लाटताना नजर तिकडेच जायची. आमचे हे म्हणाले, सोड आता, दुसरी जागा बघू. पण मी सोडणार नव्हते. खरं लिहिलं म्हणून मी अडकले होते. "नाही" लिहिलं असतं तर फॉर्म आठवड्यात पुढे गेला असता, हे मला आजही सलतं.

सुटका झाली ती भलत्याच ठिकाणी. जूनमध्ये मी गावाच्या असेसर ऑफिसात गेले होते, मोठ्या गाळ्याची करपात्र किंमत विचारायला. काउंटरवरच्या वयस्कर बाईंनी पत्ता टाकला आणि स्क्रीनकडे बघत विचारलं, "दोनांपैकी कोणता नंबर हवा?" मी म्हटलं, दोन कसले? त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. एकाच पत्त्याखाली दोन पार्सल नंबर. शेवटचे तीन आकडे वेगळे. एका इमारतीची जमीन कधीतरी दोन भागांत तोडलेली होती आणि मधली भिंत हीच हद्द. आपल्याकडे सिटी सर्व्हे नंबर असतो ना, तसं. कायद्याच्या आणि कराच्या दृष्टीने माझा गाळा ही वेगळी मिळकत होती.

घरी येऊन फाइल उघडली. आमच्या भाडेकरारात गाळ्याचा कर भाडेकरूने भरायचा असल्यामुळे डिसेंबरचं विंटर टॅक्सचं बिल माझ्याकडेच होतं. गुलाबी कागद, उजव्या कोपऱ्यात बारीक छापलेला पार्सल नंबर. तो मोठ्या गाळ्याचा नव्हताच. हा कागद सहा महिने माझ्या कपाटात होता. काउंटीच्या संगणकात तर तो कायमचाच होता. पण फॉर्ममध्ये फक्त पत्ता विचारला होता, पार्सल नंबराचा रकानाच नव्हता, आणि अकरा आठवड्यांत एकाही माणसाला तो विचारावासा वाटला नाही. मला राग याच गोष्टीचा आहे. नियम कडक आहेत, असू देत. ते असायलाच हवेत, माझी लेक त्या भिंतीपलीकडे बसत होती. पण एक प्रश्न विचारायला काय लागत होतं?

बिलाची प्रत, असेसरचा नकाशा आणि अर्ध्या पानाचं पत्र पाठवलं. चौथ्या दिवशी फॉर्म शिकागोला गेला. तिथून दोन आठवड्यांत होकार आला.

पुढचं भराभर झालं. जुलैत ड्रिलिंग. फरशीला अंगठ्याएवढी भोकं पाडून त्यात पितळी नळी बसवतात आणि तिला स्टीलचा चकचकीत गोल डबा जोडतात. डब्यातली हवा आधीच काढून घेतलेली असते, त्यामुळे तो फरशीखालची वाफ हळूहळू ओढून घेतो. मी आग्रह धरला म्हणून मधल्या भिंतीलगत माझ्या बाजूलाही दोन ठिकाणी नमुने घेतले. मोठ्या गाळ्यात मागच्या दाराजवळ, जिथे लॉन्ड्रीचं मशीन असावं, तिथे पर्क मर्यादेपेक्षा बरंच जास्त निघालं. माझ्या बाजूचे दोन्ही नमुने मर्यादेच्या आत. तो अहवाल मी गाडीत बसून वाचला आणि तिथेच रडले.

२८ ऑगस्टला खरेदी झाली, लाल गोलाच्या आठ दिवस आधी. बीईए ४५ दिवसांत. तुम्ही करत असाल तर खरेदीच्या आधीच तयार ठेवा, शेवटच्या दिवसावर सोडू नका.

वाढीव करातून परतफेडीबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. पैसे आधी हातात येत नाहीत. खर्च तुम्ही करायचा. सफाईचा आणि परतफेडीचा एक प्लॅन मंजूर करून घ्यावा लागतो. जागेची करपात्र किंमत तो मंजूर होतानाच्या आकड्यावर गोठवतात, आणि त्यावर पुढे जो जादा कर तुम्ही भरता त्यातून खर्च हळूहळू परत येतो. मिशिगनमध्ये एकाच मालकाकडे राहिलेल्या जागेच्या करपात्र किमतीवर वाढीची मर्यादा असते. विक्री झाली की पुढच्या वर्षी ती मर्यादा उठते आणि किंमत बाजारभावाच्या निम्म्यावर जाऊन बसते. म्हणून प्लॅन खरेदीच्याच वर्षात मंजूर करून घ्या, म्हणजे ती उडीसुद्धा वाढीव करात धरली जाते. आमचा प्लॅन ऑक्टोबरमध्ये गावाच्या कौन्सिलपुढे आणि नोव्हेंबरमध्ये काउंटी बोर्डापुढे गेला. मी बोलायची तयारी करून गेले होते, पण कोणी हरकत घेतली नाही. पाच मिनिटांत सगळ्यांनी हात वर करून मंजुरी दिली.

मंजुरीनंतर फरशीखालून वाफ ओढून छपरावर सोडणारा पंखा बसवला. घरांमध्ये जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूसाठी बसवतात तसाच. पाइपावर इंग्रजी यू आकाराची पारदर्शक नळी आहे, तिच्यात लाल द्रव. दोन बाजूंची पातळी वरखाली दिसली की पंखा ओढतो आहे. दोन्ही समान झाली तर तो बंद पडलाय. रोज सकाळी दिवे लावायच्या आधी मी ती बघते, आणि आता लेकही बघते.

अजून एक राहिलंच. कोणतीही जागा भाड्याने घेण्याआधीसुद्धा असेसरकडून पार्सल नंबर काढून घ्या आणि करारात तो लिहून घ्या, पत्त्यावर भागवू नका. आणि ठेकेदाराकडून बिल घेताना कामं वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. आमच्या प्लंबरने फरशीच्या फटी बुजवणं आणि स्वयंपाकघराच्या ड्रेनचं काम एकाच रकमेत लिहिलं होतं. फटींचा खर्च परत मिळतो, ड्रेनचा नाही, आणि एकत्र असलं तर दोन्ही अडकतात. ते बिल मी दुसऱ्याच दिवशी बदलून आणलं.