उसातली सिरफिड माशी: फवारणीआधी पान उलटून बघा

लोकरी माव्यात, म्हणजे उसाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीत, वळवळणारी बिनपायाची अळी दिसली, की पंप खांद्यावर टाकणारे अजूनही आहेत. ती उसाला तोंडही लावत नाही. ती सिरफिड माशीची अळी, माव्यावर जगणारी. उसात युपिओडस कॉनफ्राटर ही जात आढळते.

2002 च्या जुलैत सांगली जिल्ह्यात लोकरी मावा उसळला आणि डिफा, मायक्रोमस या मावा खाणाऱ्या मित्रकिडींची नावं घरोघरी झाली. सिरफिड मागेच राहिली. डिफाच्या हेक्टरी 1000, मायक्रोमसच्या 2500 अळ्या सोडा असं सांगता येतं. या माशीला मीलनासाठी उडायला मोकळी जागा लागते, त्यामुळे पिंजऱ्यात पैदास अवघड. तिची सोय बांधावरच करावी लागते.

सकाळी लवकर पान उलटून भिंगातून पाहा. उन्हं चढली की बऱ्याच अळ्या आडोशाला जातात. अळी तोंडाकडं निमुळती, डोकं वेगळं कळत नाही. मावा तोंडात धरून वर उचलते, रस ओढते, कातडं टाकून देते. अळी सापडली नाही तरी पानावर तेलकट काळा फराटा दिसतो, ती तिची विष्ठा. काळी बुरशी वेगळी. ती माव्याच्या चिकट्यावर, खालच्या पानांच्या वरच्या अंगाला पसरते. पाय असलेली, जाळीत राहणारी अळी डिफाची. तिलाही हात लावू नका.

पूर्ण वाढलेली सिरफिड माशी पिवळ्या पट्ट्यांची, मधमाशीसारखी. पण पंख दोनच, मिशा आखूड, नांगी नाही. ती मावा खात नाही, आणि परागकण मिळाले नाहीत तर मादीची अंडी पक्व होत नाहीत. घोडं अडतं ते इथं. आपण तणनाशक मारून बांध सफाचट करतो, मग माशी थांबणार कशावर? एकदांडीचं तण राहू द्या. कडेला मक्याच्या दोन-चार ओळी लावा, तुऱ्यावर ती येते. पावसाळा सरला की धणे, बडीशेप टाका. तोंड आखूड असल्यानं तिला अशी उघडी, बारीक फुलंच सोयीची. धणे तीन-तीन आठवड्यांनी थोडेथोडे पेरा म्हणजे फुलोरा तुटत नाही. कोथिंबिरीला भाव आला म्हणून सगळी उपटू नका.

अळ्या असलेले पानाचे तुकडे मावा पडलेल्या दुसऱ्या प्लॉटमध्ये टाचणीनं लावता येतात. आधी जिथून पानं घेणार तिथले रिकामे कोष तपासा. टोकाचं झाकण उघडलेलं असेल तर माशी बाहेर पडली. वेडंवाकडं भोक असेल तर आतून डिप्लाझोनसारखी परजीवी गांधीलमाशी निघाली. अशी भोकंच जास्त दिसली, तर तिथली पानं हलवू नका.