टिपक्याच्या पुढचा आकडा

मानवत तालुक्यातल्या आमच्या गावात २०२३ च्या दिवाळीनंतर मी बायांचा वर्ग घ्यायला लागले. डीएड करून घरी बसले होते, म्हणून 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून नाव दिलं होतं. यात मानधन नसतं. मार्चमध्ये चाचणी व्हायची होती : वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. नऊ जणी यायच्या, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, रात्री आठ वाजता, जेवणं उरकून.

त्या दिवशी मी सगळ्यांच्या वह्या मागून घेतल्या. तीन वह्या कोऱ्या होत्या. चार वह्यांत अभ्यास होता, पण अक्षर चौथी-पाचवीतल्या लेकरांचं, एकीत तर खाली समासात फुलसुद्धा काढलेलं. मला राग आला. दोन तास तयारी करून मी येते आणि यांना पानभर गिरवणं होत नाही? आवाज चढवून म्हणाले, "शिकायचंच नसेल तर येता कशाला?" आईच्या वयाच्या बायांना मी असं बोलले. कुणी वर बघेना.

मग कोपऱ्यातल्या आजींनी दोन्ही हात माझ्यासमोर चटईवर ठेवले. कापसाच्या वेचणीचे दिवस. उघडलेल्या बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी टोचतात. नखांच्या कडा सोललेल्या, अंगठ्याला खोल चिरा, त्यांत काळं भरलेलं. "पेन धरला की आग व्हायली, माय. नातू म्हनला दे मी लिव्हतो, तर दिली वही."

दुसरी म्हणाली, सून हसते म्हणून वही पिठाच्या डब्यामागं ठेवते. तिसरीच्या घरी एकच बल्ब, त्याखाली दहावीचा पोरगा बसतो. पहाटे चारला उठून भाकरी थापायच्या, आठला शेतात, दिवस मावळता काट्यावर कापसाचं वजन, मग परत चूल. यात मी दिलेला 'घरचा अभ्यास' नेमका कधी करायचा, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

सगळ्या गेल्या तरी आजी थांबल्या. म्हणाल्या, "रोजच इचारीन म्हनते. काट्यावर तेवीस दिसतंय, मग एक टिपका, मग अजून एक आकडा. तो आकडा कशाचा?"

अलीकडं वेचलेल्या कापसाचं गाठोडं बॅटरीवरच्या लटकत्या काट्याला टांगतात. आजींना शंभरपर्यंतचे आकडे आता ओळखता येत होते, म्हणून तर टिपका दिसला. मी फरशीवर खडूनं २३.८ लिहिलं. किलोचे दहा भाग केले तर त्यातले आठ, म्हणजे ८०० ग्रॅम. वेचणीचा भाव तेव्हा १० रुपये किलो. म्हणजे आठ रुपये. आजींनी बोटांच्या पेरांवर मोजलं, परत मोजलं. "मालक तेवीसच लिव्हून घेतो," एवढंच म्हणाल्या. मला त्या रात्री झोप लागली नाही. एका बाईचे, एका दिवसाचे आठ रुपये. वेचणी तर दीड-दोन महिने चालते.

दुसऱ्या दिवसापासून मी वहीतला गृहपाठ बंद केला. घरून आणायचं ते एवढंच : आज काट्यावर काय दिसलं, टिपक्यासकट. शेतात खताचं पोतं असेल तर त्यावरचा वजनाचा आकडा. पहिल्याच दिवशी आठ जणी आकडा घेऊन आल्या, काहींनी कोळशानं हातावर लिहून. युरियाच्या पोत्यावर ४५ आणि डीएपीच्या पोत्यावर ५० का, यावर अर्धा तास वाद झाला. नववी बाई त्या दिवशी वेचणीला गेलीच नव्हती, तापानं पडली होती.

आठवड्यानं चौघीजणी मिळून काट्याजवळ थांबल्या आणि पुढचा आकडापण लिहा म्हणाल्या. मालक कुरकुरला, पण लिहू लागला. आजींच्या वहीत त्या दिवसापासून रोजचं वजन आहे, टिपका हरभऱ्याएवढा.

अक्षरांचं पान मात्र कोरंच राहिलं. ते आम्ही वर्गात बसून गिरवायचो. आधी खोबरेल तेलाची वाटी फिरायची, बोटं जरा मऊ होईपर्यंत गप्पा, मग पेन. १७ मार्च २०२४ ला चाचणी झाली तेव्हा वेचणी संपून बोटं भरत आली होती. आजींनी नाव लिहिलं, आडनावाचा शेवटचा काना राहिला. पेपर देऊन बाहेर आल्या आणि तो काना त्यांनी माझ्या तळहातावर बोटानं ओढून दाखवला.