बार्सेबेकच्या जाळ्या

स्वीडनमधल्या माल्मोच्या किनाऱ्यावरून हवा स्वच्छ असेल त्या दिवशी उत्तरेला बार्सेबेकच्या दोन उंच, करड्या इमारती दिसतात. बंद पडलेलं अणुवीज केंद्र. समोर सामुद्रधुनीपलीकडे 20 किलोमीटरवर डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. डेन्मार्कने स्वतः अणुवीज नाकारली, पण शेजाऱ्याच्या अणुभट्ट्यांची धास्ती त्यांनी कित्येक वर्षं बाळगली.

28 जुलै 1992 ला इथली दुसरी अणुभट्टी सुरू करताना एका सुरक्षा झडपेतून वाफेचा झोत सुटला. त्या माऱ्याने पाइपांवरचं खनिज लोकरीचं वेष्टन उखडलं आणि खालच्या पाण्यात वाहून गेलं. आणीबाणीत भट्टी थंड ठेवणारे पंप हेच पाणी ओढतात. त्यांच्या तोंडाशी असलेल्या जाळ्या तासाभरात तुंबू लागल्या. याला कितीतरी जास्त वेळ लागेल, असं आधी धरलेलं होतं. ऑपरेटरांनी उलटं पाणी सोडून जाळ्या मोकळ्या केल्या आणि निभावलं.

या प्रसंगानंतर स्वीडनने जे केलं त्याचं मला फार मोल वाटतं. जुन्या बनावटीच्या 5 अणुभट्ट्या बंद ठेवून तिथल्या जाळ्या सुधारल्या आणि झाल्या प्रकाराची सविस्तर माहिती इतर देशांपुढे ठेवली. त्यामुळे अमेरिकेपासून युरोपपर्यंत अनेक केंद्रांत ‘आपल्याकडे असं झालं तर?’ हा प्रश्न विचारला गेला आणि मोठ्या जाळ्या बसल्या. आपल्या केंद्रातली उणीव अशी चव्हाट्यावर मांडायला धैर्य लागतं.

त्याच काळात स्वीडिश अभियंते बाल्टिक समुद्रापलीकडे लिथुआनियातही होते. तिथल्या इग्नालिना केंद्रात चेर्नोबिलच्याच जातीच्या दोन अणुभट्ट्या, आणि देश नुकताच स्वतंत्र झालेला. 1991 मध्ये ‘बार्सेलिना’ प्रकल्प सुरू झाला. बार्सेबेकचा अभ्यास नमुन्याला घेऊन स्वीडिश, लिथुआनियन आणि रशियन तज्ज्ञांनी एकत्र बसून इग्नालिनात कुठला बिघाड कशाकशाला घेऊन बुडेल, हे पायरीपायरीने तपासलं. त्यातून दुरुस्त्या ठरत गेल्या.

तरीही युरोपियन युनियनमध्ये यायचं तर इग्नालिना बंद करा, ही अट आलीच. 2004 आणि 2009 च्या अखेरीस एकेक अणुभट्टी थांबली. देशाची बहुतांश वीज तिथून येत होती, त्यामुळे हा घाव मोठा होता. 2008 च्या सार्वमतात मत देणाऱ्या बहुसंख्यांना केंद्र चालू हवं होतं, पण मतदान कमी झाल्याने कौल ग्राह्य धरला गेला नाही. लिथुआनियन लोकांची नाराजी मला पटते. केंद्र मोडण्याचं काम अजून चालू आहे. त्याच्या खर्चाचा मोठा भाग युरोपियन युनियन उचलतंय आणि तो त्यांनी शेवटपर्यंत उचलायलाच हवा.