जांभ्याच्या बांधावरची फुलं: मृग ते हस्त

घरामागचा उतार धरून ठेवायला यंदा उन्हाळ्यात जांभ्याच्या चिऱ्यांचा बांध घातला. छातीइतका उंच, सिमेंट कुठेही नाही, चिरे कोरडे बसवलेले, मागे डबर आणि प्रत्येक थर किंचित मागे सरकवलेला. बांधाचं तोंड नैऋत्येला आहे. त्यामुळे पावसाळ्यात वाऱ्यापावसाचा सगळा मारा याच्या अंगावर आणि उन्हाळ्यात दुपारनंतरचं ऊनही थेट याच्यावरच. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पुढचे आठ महिने हाच बांध तव्यासारखा तापतो. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो भरपूर, पण धरून ठेवत नाही.

बांधावर सोडायच्या फुलझाडांच्या इंग्रजी याद्या पाहिल्या तर ऑब्रिएटा, रांगता फ्लॉक्स, थाइम ही नावं हमखास येतात. ती थंड हवेची झाडं, इथे त्यांचा उपयोग नाही. आपल्याला चार महिने निथळत राहून आठ महिने तहान सोसणारं झाड हवं. शिवाय माझी आणखी एक अट होती, आणि निवड खरं तर तिनेच केली. बांध झाकला जाता कामा नये.

ही अट का, ते जरा सविस्तर सांगते. बुलबुल, कोकीळ वड-पिंपळाची फळं खाऊन बांधावर बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं. दोन पानांचं रोप असताना चिमटीने उपटून येतं. एक पावसाळा नजरेआड राहिलं की मूळ डबरात शिरतं, आणि मग चिरा हलवल्याशिवाय ते निघत नाही. दुसरं कारण पाणी. मागे पाणी तुंबलं की कोरड्या बांधाला पोट येतं. पहिल्या बोटभर फुगाऱ्यालाच ते दिसलं तर चार चिरे काढून पुन्हा बसवता येतात. तिसरं कारण फुरसं, म्हणजे छोटा पण विषारी साप. आमच्याकडे जांभ्याच्या सांध्यात ते असणारच असं धरूनच चालायचं. घट्ट पाल्याखाली हात घालून तण काढणं मला मान्य नाही. सांधा उघडा दिसला पाहिजे आणि त्याआधी काठी फिरवता आली पाहिजे.

म्हणून वेडेलिया पहिल्याच फेरीत बाद. नर्सरीत ती स्वस्त, हिरवीगार, वर पिवळी फुलं, आणि लावली की लागतेच. शेजारच्या काकूंनी तर कुंपणावरून कांड्यांचा भारा पुढे केला.

"अगो, नुसती कांडी खोच. गणपतीपर्यंत बांध दिसायचा नाही!"

"काकू, मला बांध दिसायला हवाय ना पण."

काकूंना ते पटलं नाही, पण माझा निर्णय पक्का होता. वेडेलिया प्रत्येक पेरावर मूळ सोडते आणि खाली दुसरं काही जगू देत नाही. जगातल्या सर्वांत वाईट 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. आमच्या वहाळाकाठी ती एकदा उतरली तर गावात कुणाला आवरणार नाही. लोंबती जांभळी लँटाना दिसायला सुरेख, तरी तीही नको म्हटलं. तिची बहीण घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून कोलकात्यात आली आणि आज देशभरच्या रानांत तिने काय केलंय ते आपण पाहतोच.

मृग. पाऊस वेळेवर आला. माथ्यावर, कडेपासून वीतभर आत, रसेलिया लावली. हिला पानं जवळजवळ नसतातच, बारीक खवल्यांसारखी असतात. पानांचं काम हिरव्या काड्याच करतात, त्यामुळे पाणी फार उडत नाही. काड्या कमानीसारख्या वाकून बांधाच्या तोंडावरून खाली येतात आणि त्यांच्या झिरमिळीतून मागचा चिरा दिसत राहतो. माझ्या अटीला यापेक्षा चांगलं झाड मला सापडलेलं नाही. टोक जमिनीला टेकलं की तिथे मूळ धरते, म्हणून खालच्या मातीला पोचण्याआधी छाटायचं, एवढंच पथ्य.

पायथ्याला अराकिस. हा भुईमुगाचा ब्राझीलमधला बहुवर्षायू भाऊ. 1954 मध्ये बाहिया राज्यात पिंटो नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो गोळा केला, म्हणून अराकिस पिंटोई. आम्लधर्मी, निकस जमीन त्याला चालते आणि आमची लाल माती नेमकी तशीच. नत्र स्वतःच बांधतो. रांगत्या फांद्यांना पेरापेराला मुळं येतात, त्यामुळे पागोळ्यांनी उडणारी माती जागेवर राहते. तो वाढतो बुटका, तेव्हा बांधाचा खालचा थरही उघडा राहतो. पिवळी फुलं सकाळी बघावीत. एक लक्षात ठेवा: गुरांना हा पाला फार आवडतो. भातकापणीनंतर गुरं मोकळी सुटतात, तेव्हा अराकिस वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, आतच हवा.

आर्द्रा ते पुष्य सांध्यांना हात लावला नाही. या दिवसांत सांध्यातली सुटी माती तासाभरात धुऊन जाते. फक्त पाणी कुठून बाहेर पडतंय ते रोज बघत होते आणि त्या जागांवर खडूने खुणा केल्या. तिथे काहीही लावायचं नाही, बांधाला श्वास घ्यायच्या त्या वाटा आहेत.

आश्लेषा. ऊन-पाऊस सुरू झाल्यावर सांधे भरायला घेतले. कुंडीतलं रोप सांध्यात जात नाही, गड्डा मावत नाही. म्हणून कांडीच. नारळाच्या सोडणाचा काथ्या सोलून भिजवायचा, त्यात लाल माती आणि जुनं शेणखत मळून अंगठ्याएवढी वळकटी करायची, मधे कांडी. सांध्यात काठी फिरवून घ्यायची आणि मग वळकटी आत ढकलायची, तिचं आतलं टोक खाली झुकेल अशी. असं केलं की चिऱ्यावरून ओघळणारं पाणी आत जातं. मागच्या मातीला वळकटी टेकली पाहिजे, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात कांडी वाळलीच म्हणायची. काथ्या मुळं मागे पोचेपर्यंत माती धरून ठेवतो, पुढे तो कुजून गेला तरी चालतं.

सांध्यांसाठी दोन झाडं घेतली. नर्सरीत ब्लू डेझ म्हणून मिळतो तो इव्हॉल्व्ह्युलस, हाही ब्राझीलचाच. आणि त्याचा आपल्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळी पठारावरचा भाऊ, विष्णुक्रांत. ब्लू डेझचं फूल मोठं, पान राखाडी लव असलेलं, कांडी सहज लागते. विष्णुक्रांताचं फूल शर्टाच्या गुंडीपेक्षाही लहान, पण निळा रंग असा की पाच पावलांवरून नजर खेचून घेतो. दोघांचीही फुलं सकाळी उमलतात आणि दुपारी मिटतात. मुळं बारीक, चिऱ्याला धक्का लावत नाहीत. विष्णुक्रांत बियांवरूनच करावा. सड्यावरची झाडं उपटून आणू नयेत, ही माझी सर्वांना मनापासून विनंती.

उत्तरा. वाऱ्याच्या तोंडच्या भागात ब्लू डेझच्या बऱ्याच कांड्या बुडातून काळ्या पडल्या. वळकटीचा ओलावा तिथे हटतच नव्हता. फणसाच्या आडोशाला पाऊस कमी लागतो, तिथल्या कांड्या मात्र तजेलदार. विष्णुक्रांताला दोन्हीकडे काही झालं नाही, हळू वाढतो पण टिकतो. म्हणून पावसाळ्यात उघड्या बाजूला आता फक्त विष्णुक्रांत, हे नक्की.

याच सुमारास फणसाच्या सावलीतल्या ओल्या सांध्यात रानबिगोनिया आपोआप उगवला. तिरकं हृदयाकृती पान, लालसर देठ आणि फिकी गुलाबी फुलं, पाकळ्यांवर थेंब अडकलेले. त्याचं बी धुळीसारखं बारीक असतं, कसं आलं असेल ते असेल. पाऊस संपला की वरचं सगळं वाळेल आणि कंद आत निजून राहील. तो सांधा मी त्याला देऊन टाकलाय.

हस्त. रसेलियाच्या काड्या बांधाच्या निम्म्यावर उतरल्यात आणि लाल नळ्यांवर सकाळ-संध्याकाळ सूर्यपक्षी येतोय. उघड्या बाजूच्या रिकाम्या सांध्यांत आता ऑफिस टाइमच्या (पोर्टुलाकाच्या) कांड्या खोचतेय. ढगाळ दिवसात हे फूल उघडतच नाही आणि आषाढात झाड कुजतं, तेव्हा पावसाळ्यात त्याची जागा अडवण्यात अर्थ नव्हता. पण ऑक्टोबर ते मे या चिऱ्यांवर त्याच्याइतकं आनंदाने कुणी फुलत नाही. सदाफुलीची दोन-तीन रोपं स्वतःहून आलीत, तीही ठेवलीत. कडू असल्यामुळे गुरं तिला तोंड लावत नाहीत.

उन्हाळ्यासाठी माथ्यावर रसेलियाच्या ओळीत बिनभाजणीची नव्हे, साधी भाजलेली पण रोगण नसलेली मडकी गळ्यापर्यंत पुरणार आहे. तोंडावर करवंटी झाकायची, आत डास होत नाहीत. पाणी झिरपतं तेवढंच, बांधामागे साचत नाही. विष्णुक्रांताचं बी पिकायला लागलंय, ते कागदाच्या पुडीत जमवतेय. जांभ्याच्या सांध्यात बी थेट पेरून कुणाला रोपं मिळाली असतील तर कोणत्या नक्षत्रात पेरलं आणि वर माती किती घातली, तेवढं जरूर कळवा.