किल्ली फिरते, पण 'खट्' होत नाही

तीन दिवसांच्या त्या सहलीतले अडीच दिवस एका ओळीत संपतात: पाणी शांत होतं, ऊन सोसण्यासारखं होतं, तंबूत झोप मात्र नीट लागली नाही. लिहायला बसले आहे ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाऊण तासासाठी.

बोट मामाची. पाचेक मीटर लांब, मागे ४० अश्वशक्तीचं आउटबोर्ड, म्हणजे काठाबाहेर टांगलेलं इंजिन आणि बसण्याच्या जागेशेजारी कंट्रोल बॉक्स. त्याला एकच लिव्हर. पुढे ढकलली की आधी गिअर पडतो आणि मग थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग वाढतो, मागे ओढली की रिव्हर्स, मधे न्यूट्रल. रात्री बेटाच्या आडोशाला मुक्काम केला. सकाळी सामान चढवलं, नांगर उचलला. ओहोटी लागली होती. मामाने किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही. गेज उजळले, इंजिन वर-खाली करणारं ट्रिमचं बटणही चाललं. स्टार्टर तेवढा मुका.

बोट किनाऱ्याकडे सरकायला लागली तशी मामी पाण्यात उतरली आणि मागचा काठ धरून तिला रोखून उभी राहिली. पाणी मांडीएवढं, आणि मिनिटामिनिटाला कमी होणारं. तासाभरात बोट वाळूत बसली असती आणि पुढच्या भरतीपर्यंत तिथेच.

बाजूने एक बोट गेली. "पुन्हा पुन्हा फिरवा, लागेल!" असं कोणीतरी ओरडलं. असल्या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. स्टार्टर फिरतच नसेल तर शंभरदा किल्ली फिरवून काय होणार? आणि फिरत असेल, तर सलग दहा सेकंदांहून जास्त रेटलं की स्टार्टर तापतो आणि बॅटरीही उतरते.

मामाने किल्ली काढून खिशात टाकली. मग लाल दोरीची क्लिप बघितली, जी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायची, म्हणजे तो पाण्यात पडला तर इंजिन बंद होतं. ती जागेवर होती. "ही निघाली असती तर आपलं इंजिन फिरलं असतं, पण पेटलं नसतं," तो म्हणाला. "हे फिरतच नाहीये. दोन्ही दुखणी वेगळी."

हे एक वाक्य मी त्या सहलीतून घरी आणलं. फिरतं पण पेटत नाही, तर पेट्रोलच्या वाटेला लागायचं: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का, नळीतला रबरी फुगा दाबून दाबून कडक होतो का, ठिणगी पडते का. फिरतच नाही, तर विजेची वाट: बॅटरी, फ्यूज, किल्लीचा स्विच, सोलेनॉइड (किल्लीचा हुकूम मिळाला की 'खट्' करून स्टार्टरला वीज जोडणारा) आणि कंट्रोल बॉक्समधला न्यूट्रल स्विच. मी तोवर फुगाच दाबत बसले होते.

वीज मोजायचा मल्टीमीटर बॅटरीला लावला तर १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, म्हणजे तिची तक्रार नव्हती. मामीला नाळेकडे, बोटीच्या पुढच्या टोकाला, यायला सांगून मामाने किल्ली माझ्याकडे दिली. मी फिरवली, तरी आकडा जागचा हलला नाही. स्टार्टरने वीज ओढली असती तर तो झपकन खाली आला असता. सोलेनॉइडचा 'खट्' नाही, याचा अर्थ हुकूम तिथवर पोचतच नव्हता. मग मामाने मला किल्ली धरून ठेवायला सांगितलं आणि स्वतः लिव्हर केसभर मागे-पुढे केली. एका ठिकाणी स्टार्टर अर्धा क्षण गुरगुरला आणि पुन्हा गप्प.

"न्यूट्रल स्विच," मामा म्हणाला.

लिव्हर न्यूट्रलला असल्याशिवाय हा स्विच स्टार्टरला फिरू देत नाही. अमेरिकेत तर नियमच आहे: सुरू होताना ११५ पौंड, म्हणजे सुमारे ५२ किलो किंवा त्याहून जास्त रेटा देऊ शकणाऱ्या आउटबोर्डला गिअरमध्ये सुरू होऊ न देणारी सोय हवीच. मला तेव्हा त्यातलं एवढंच ठाऊक होतं की दोन वायरी एकमेकींना जोडल्या की स्विच बाद होतो. मी म्हणाले, "मामा, वायरी जोडून टाक ना. पाणी उतरतंय."

तो काही बोलला नाही. मागे बघितलं फक्त. मामी पुन्हा मागचा काठ धरून उभी होती आणि तिच्या गुडघ्यापासून इंजिनाचा पंखा वीतभर अंतरावर होता.

"लिव्हर न्यूट्रलला दिसते," तो नंतर म्हणाला. "खाली गिअरसुद्धा न्यूट्रलला आहे हे तुला माहीत आहे का? केबल सरकली असेल तर?"

मला माहीत नव्हतं. त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो हे लिहितानाही येतो.

किल्ली खिशात, क्लिप काढलेली, अशी खात्री करून मामीने पंखा हाताने फिरवून बघितला. दोन्हीकडे मोकळा फिरला. म्हणजे केबल ठीक होती. मग मामाने बॉक्सचं झाकण काढलं. आत नखाएवढा स्विच, त्याचं एक टोक मिठाने हिरवं पडलेलं, आणि त्याला धरून ठेवणारा स्क्रू ढिला. न्यूट्रलला लिव्हरच्या उंचवट्याने स्विच दाबायला हवा, पण स्विचच मागे सरकला होता. मीटर लावून बोटाने दाबला तर 'बीप' वाजला, म्हणजे स्विच शाबूत होता. टोक खरवडलं, स्क्रू कसला. आता न्यूट्रलला बीप होता, गिअरमध्ये नव्हता.

आदल्या संध्याकाळी उथळ पाण्यात घाबरून मी लिव्हर एका झटक्यात पुढून मागे खेचली होती. स्क्रू आधीच ढिला असेलही. पण मी मामाला ते सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं बोललीस," आणि पेचकस पिशवीत ठेवला.

तळ वाळूला घासायला लागला होता. तरी मामी वर येऊन बसेपर्यंत त्याने किल्ली फिरवली नाही. मग 'खट्', आणि दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. मागच्या भोकातून थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार सुरू झाली. ती बघून मामाने जागा बदलली आणि लिव्हर माझ्या हाताखाली दिली.

संध्याकाळी दुसऱ्या किनाऱ्याला लागताना पुढून मागे घ्यायची वेळ आली. न्यूट्रलवर थांबले, इंजिनाचा आवाज पार खाली येईपर्यंत. मग रिव्हर्स.