स्वस्त खोलीचा हिशोब

सोमवार, रात्री उशिरा

लास व्हेगासला पोचलो. आईला ग्रँड कॅन्यन दाखवायचं म्हणून ही सगळी सहल, व्हेगास केवळ मुक्कामाला. कॅन्यनचा दक्षिण कडा इथून मोटारीने साडेचार तासांवर. आईचे गुडघे बघता एका दमात इतकं जाणं-येणं नको, म्हणून आधी इथे थोडं थांबायचं ठरलं.

हॉटेल मी ठरवून जुनं घेतलं, कॅसिनो असलेलं. नव्या चकचकीत हॉटेलात एका रात्रीला जे लागतं, त्यात इथे सगळा मुक्काम होतो. फक्त वार बघावा लागतो. रविवार ते गुरुवार दर खाली असतात, शुक्रवार-शनिवारी तीच खोली कितीतरी पटीने महागते. शहरात एखादं मोठं प्रदर्शन असलं तर मधल्या वारीही महागते. जानेवारीतलं इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन चालू असताना तर स्वस्तात काही मिळण्याची आशाच सोडावी.

खोलीचं भाडं ३५ डॉलर आणि रिसॉर्ट फी त्याहून जास्त! वायफाय, जिम, स्थानिक फोन असल्या गोष्टींच्या नावाखाली ती लावतात. तुम्ही त्यातलं काही वापरा न वापरा, भरावी लागतेच. वर सरकारी कर. पूर्वी ३५चा आकडा बघून माणूस हुरळायचा आणि खरा आकडा शेवटच्या पानावर कळायचा. मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेच्या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमामुळे सक्तीच्या सगळ्या फी धरूनच किंमत आधी दाखवावी लागते. या नियमाचं मला मनापासून कौतुक वाटतं. मोजक्या पैशात प्रवास करणाऱ्याला सूट नसली तरी चालतं, आकडा खरा हवा.

काउंटरवर रांग मोठी होती. डिपॉझिट म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात, म्हणून मी क्रेडिट कार्डच दिलं. डेबिट कार्ड दिलं की आपले खरे पैसे काही दिवस अडकतात, आणि प्रवासात तेच नको असतं. "आईला चालायचा त्रास आहे, खालचा मजला आणि लिफ्टजवळची खोली मिळेल का?" असं विचारलं. मुलगी हसली आणि तिने लगेच खोली बदलून दिली.

लिफ्टपर्यंत जायला मात्र अख्खा कॅसिनो ओलांडावा लागतो. सिगारेटचा धूर डोळ्यांना झोंबतो. नेवाडात बंद जागी धूम्रपान बंदीचा कायदा २००६ साली झाला, पण त्यातून कॅसिनोचा भाग वगळला गेला. आईने पदर नाकाला लावला आणि माझा हात धरून भराभर चालत राहिली, गुडघ्यांची पर्वा न करता.

खोली बरी आहे. बाथटबच्या कडेला इनॅमल उडालेलं, तिथे पांढऱ्या रंगाचा हात मारलाय. पडदे जाड, एक आकडा निसटलेला. खिडकीखालचा एसी सुरू होताना एकदा जोरात हादरतो, मग शांत होतो. चादरी पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या. आईने गादीचा कोपरा उचलून बघितला, उशीचा वास घेतला आणि "स्वच्छ आहे गं" असा निकाल दिला. तिचा निकाल मिळाला की मला दुसऱ्या कुणाचं मत लागत नाही.

भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यातून एक चौकोनी पेटी गेली आहे, तिच्यातून आग विझवणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याचं तोंड डोकावतं. "हे आधीचं नाही, मागाहून लावलंय," आई म्हणाली. बरोबर ओळखलं तिने. २१ नोव्हेंबर १९८० रोजी इथल्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग लागून ८५ माणसं गेली. (आज त्या नावाने उभं आहे ते हॉटेल वेगळं, १९९३ सालचं.) आग खाली एका उपाहारगृहात विजेच्या दोषाने लागली, पण बहुतेक जण वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरून मेले. कॅसिनोच्या जागेत आणि त्या उपाहारगृहात फवारे नव्हते. पुढच्या फेब्रुवारीत आणखी एका हॉटेलात आग लागली आणि आठ जण दगावले. मग नेवाडाने जुन्या उंच हॉटेलांनाही फवारे बसवायला लावणारा कायदा केला. नव्या इमारतीत हे पाइप छताआड दडलेले असतात. इथे ते डोळ्यांसमोर आहेत आणि मला ते बघून बरं वाटलं.

खोलीत केटली नाही, फ्रिज नाही. हे विसरण्यातून झालेलं नाही. चहा-कॉफीसाठी माणूस खाली उतरावा, उतरला की जुगाराच्या यंत्रांमधून जावा, असाच इथला बेत असतो. केटली मी सोबत आणली होती. आईने आलं ठेचून दुधाच्या पावडरीचा चहा केला, सोबत दशम्या आणि लसणाची चटणी. उत्तम जेवण झालं.

मंगळवार, दुपार

आई पहाटेच उठते, इथेही उठली. साडेपाचला आम्ही पाय मोकळे करायला खाली गेलो. यंत्रांपुढे तेव्हाही माणसं होती. एक बाई, साधारण माझ्या वयाची, पायांत कामावरचे काळे बूट. यंत्रात वीसची नोट सारायची, बटण दाबत राहायची, संपली की पर्समधून दुसरी. चेहऱ्यावर आनंद नाही, दुःखही नाही. आई बराच वेळ बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, ही बाई हरतेय म्हणून आपल्याला खोली स्वस्त पडते का?"

मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. सकाळभर तेच डोक्यात आहे.

जुन्या व्हेगासचा हिशोब खरोखर तसाच होता. नेवाडाने १९३१ साली जुगार कायदेशीर केला आणि १९४१ मध्ये, पुढे स्ट्रिप म्हणजे मोठ्या कॅसिनो-हॉटेलांचा रस्ता झालेल्या रस्त्यावर, एल रँचो व्हेगास हे पहिलं रिसॉर्ट उभं राहिलं. खोली स्वस्त, जेवण स्वस्त, करमणूक स्वस्त, कारण माणूस आत आला की टेबलावर वसुली होणारच. १९९०च्या दशकाच्या अखेरीस हे पालटलं. स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांचं खोल्या, खाणं आणि कार्यक्रमांचं उत्पन्न जुगाराच्या वर गेलं. तेव्हापासून जे जे फुकट होतं त्यावर दर चढत गेले. २०१६ मध्ये हॉटेलांच्या एका मोठ्या साखळीने गाडी लावायचेही पैसे घ्यायला सुरुवात केली. आमच्यासारख्या जुन्या हॉटेलांत जुन्या हिशोबाचा थोडा अंश उरलाय. म्हणजे आईचं म्हणणं निम्मं तरी खरं आहे.

मला जास्त लागलं ते वेगळंच. रुलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावायचे. चाकावर ३६ आकडे आणि एक शून्य असेल तर लावलेल्या पैशांत कॅसिनोचा सरासरी वाटा २.७० टक्के. दोन शून्यं असली की ५.२६. आता तीन शून्यांची चाकं आली आहेत, त्यांत ७.६९. एक शून्याचं चाक बहुधा मोठ्या रकमा लावायच्या टेबलावर आणि तीन शून्यांचं छोट्या रकमांच्या. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाचंही तेच. पूर्वी दहा डॉलर लावून ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पानांतच एकवीस, लागला तर पंधरा मिळायचे, आता छोट्या रकमांच्या बहुतेक टेबलांवर बारा मिळतात. स्लॉट यंत्राने सरासरी किमान ७५ टक्के परत द्यावेत असा राज्याचा नियम आहे, पण समोरचं यंत्र नेमकं किती देतं हे त्यावर लिहिलेलं नसतं. खिशात जितके कमी पैसे, तितकी वाईट अट त्या माणसाच्या वाट्याला. हे मला सरळ अन्याय वाटतं आणि आईलाही मी तसंच सांगितलं.

"मग आपण इथे राहावं की नाही?" तिने विचारलं.

राहावं, असं माझं मत. आपण खेळत नाही, खोलीचे पैसे ठरल्याप्रमाणे देतो, आणि या इमारतीत राबणाऱ्या माणसांचं पोट अशा खोल्यांवर चालतं. मात्र स्वस्त खोली हे आपलं चातुर्य समजून मिरवू नये.

दहाच्या सुमारास खोली आवरायला एक बाई आली. एल साल्वादोरची, वीस वर्षं इथे. गादी उचलून चादर खोचताना तिने मनगट दुसऱ्या हाताने धरलं, ते आईने टिपलं. आई पुढे होऊन चादरीचं दुसरं टोक धरायला गेली, तर ती घाईने "नो, नो, मामा" म्हणाली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून तिला खुर्चीत बसवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. तरी गुडघे आणि मनगटं यांवर त्यांचं बराच वेळ बोलणं चाललं होतं.

या कामगारांची युनियन भक्कम आहे, कलिनरी युनियन. १९९१ मध्ये फ्राँटिअर हॉटेलच्या कामगारांनी संप केला, तो सहा वर्षांहून अधिक चालला, आणि एकही जण संप मोडून आत गेला नाही असं सांगतात. शेवटी कामगार जिंकले. २०२३च्या करारांत मोठ्या कंपन्यांकडून त्यांनी खोल्या रोज साफ करण्याची अट मिळवली. वरवर ती पाहुण्यांची सोय वाटते. खरी गोष्ट अशी की न आवरलेली खोली दोन-तीन दिवसांनी साफ करायला दुप्पट कष्ट पडतात आणि रोजची कामं कमी झाली की माणसंही कमी करतात. म्हणून "आमची खोली रोज नको आवरायला" असं सांगणं दर वेळी उपकारच असतो असं नाही. टिपही रोजच्या रोज ठेवावी. शेवटच्या दिवशी एकदम ठेवली तर ती त्या दिवशी येणाऱ्या दुसऱ्याच कुणाला मिळू शकते.

मंगळवार, रात्र

दिवसरात्र चालणाऱ्या बसने बेलाजिओ हॉटेलची कारंजी बघायला गेलो. पास काढला की चढ-उतार कितीही. स्ट्रिप सुमारे सात किलोमीटर लांब आहे आणि इमारती इतक्या अवाढव्य की समोर दिसणारं हॉटेल गाठायला वीस मिनिटं लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी इथे नजरेवर विसंबू नये. कारंजी फुकट, संध्याकाळी दर पंधरा मिनिटांनी. आईने लागोपाठ बघितली, हलायला तयार नव्हती. या जागी पूर्वी ड्यून्स नावाचं हॉटेल होतं, १९९३ मध्ये सुरुंग लावून पाडलं.

बुधवार, संध्याकाळ

आज जुन्या भागात, फ्रीमाँट स्ट्रीटला. १९०६चं गोल्डन गेट, १९४१चं एल कोर्टेझ, दोन्ही अजून चालू. एल कोर्टेझची निऑनची पाटी दिवसाही देखणी दिसते.

नंतर निऑन म्युझियम. पाडलेल्या हॉटेलांच्या पाट्या तिथे मोकळ्या अंगणात ठेवल्या आहेत. स्टारडस्ट १९५८चं, २००७ मध्ये पाडलं. रिव्हिएरा १९५५चं, २०१६ मध्ये. ट्रॉपिकाना १९५७चं, ऑक्टोबर २०२४ मध्ये, बेसबॉलच्या मैदानासाठी. फ्राँटिअरही गेलं, ज्याच्या दारात इतकी वर्षं माणसं संपावर उभी होती. अशा इमारतींबरोबर साध्या माणसाला परवडणाऱ्या हजारो खोल्या जातात. त्यांच्या जागी येतं ते त्याच्यासाठी नसतं. याचं मला वाईट वाटतं, आणि नुसत्या पाट्या जपून ते भरून येत नाही.

पण जुनं ते सगळं चांगलं, असंही म्हणवत नाही. म्युझियमचं प्रवेशदालन म्हणजे ला कोंचा मोटेलची शिंपल्याच्या आकाराची लॉबी, पॉल रेव्हिअर विल्यम्स या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने घडवलेली. आणि याच शहरात १९५०च्या दशकात गायक सॅमी डेव्हिस ज्युनिअरसारख्या कृष्णवर्णीय कलाकारांना स्ट्रिपवर गाऊन झालं की वेस्टसाइड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत झोपायला जावं लागे, कारण त्याच हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. १९५५ मध्ये मुलाँ रूज हे सगळ्यांना खुलं असलेलं हॉटेल निघालं, पण ते काही महिन्यांतच बंद पडलं. मार्च १९६० मध्ये, मोठ्या मोर्चाचा इशारा दिल्यावर, त्याच जागी झालेल्या बैठकीत कृष्णवर्णीयांवरची ही बंदी उठवायचं ठरलं.

आईला हे सांगितलं तेव्हा ती पाटीपुढे थांबली. "आपल्या गावच्या पाणवठ्यासारखंच झालं हे," म्हणाली. "आमच्या लहानपणी सनई वाजवायला यायचे ते अंगणातच जेवायचे. तेव्हा आम्हाला त्यात काही वाटलं नाही, हे आता वाटतं."

खोलीवर आल्यावर मी दादाला फोन केला. तो आणि वहिनी मार्चमध्ये येणार आहेत. हेच हॉटेल सांगितलं, मधले वार घ्यायला सांगितलं, केटली इथेच विकत घ्यायला सांगितली, कारण भारतातली २३० व्होल्टची इथल्या १२० वर नीट तापत नाही. धूम्रपान नसलेली खोली आधीच मागून ठेव म्हटलं. एक डॉलरच्या भरपूर नोटा सोबत ठेवायला वहिनीला आईने स्वतः सांगितलं, कशासाठी तेही सांगितलं, आणि कॅसिनोत दादाला एकटं सोडू नकोस हेही.