पावत्यांची पिशवी

आमची आई पक्की पावती मिळाल्याशिवाय काही विकत घेत नाही. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून घेतलेला कुकर, पंखा, भावाची सायकल, सगळ्याच्या पावत्या तिनं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपल्यात. काहींची शाई उडून कागद कोरा झालाय, तरी टाकू देत नाही. आम्ही फासेपारधी. पोलीस पालावर आले की पहिला प्रश्न ठरलेला, "हे कुठनं आणलंस?" आजोबांकडं दाखवायला कधी काही नसायचं. ते मार तिनं लहानपणी पाहिलेत.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मतःच चोर ठरवल्या. तो रद्द झाला १९५२ साली. ३१ ऑगस्टला आम्ही विमुक्त दिन पाळतो तो त्याचाच. कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१८ सालीच महार, मांग, रामोशी, बेरड यांची सक्तीची रोजची हजेरी बंद केली होती, आणि फासेपारध्यांच्या हाती तर पहाऱ्याचं काम दिलं होतं. दसरा चौकातल्या त्यांच्या पुतळ्यासमोरून जाताना माझा हात आपोआप जोडला जातो. पण कायदा गेला तरी संशय राहिला. संशयापायी काम मिळत नाही, भाड्यानं खोली मिळत नाही, पोरं शाळेत टिकत नाहीत. "ह्यांना शिकायचंच नसतं" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

नर्सिंगला अनुसूचित जमातीच्या जागेवर प्रवेश मिळाला तेव्हा जातवैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र, लागली. पुरावा हवा १९५० पूर्वीचा. पालं उचलून गावोगाव हिंडणाऱ्यांनी तो कुठून आणायचा? पुष्कळ हिंडल्यावर चुलत आजोबांचं नाव एका शाळेच्या जुन्या रजिस्टरात सापडलं.

मग गृहचौकशीसाठी, म्हणजे देव, चालीरीती विचारून आम्ही खरंच त्या जमातीचे का हे तपासायला, दक्षता पथकातले पोलीस अधिकारी घरी आले. मी आईला आधी सांगून ठेवलं होतं, तरी तिचे हात थरथरत होते. तिनं पिशवी आणली आणि एकेक पावती जमिनीवर मांडायला लागली. "ही कुकरची सायेब, ही फॅनची."

ते म्हणाले, "मावशी, ते राहू दे. तुमचं कुलदैवत कुठलं?"

तिला प्रश्नच उमगेना. वर्दीतल्या माणसानं तिला देवाचं कधी विचारलंच नव्हतं. मग देवी, लग्नातले विधी, पंचायत असं करत ती बोलत सुटली. साहेब लिहून घेत होते. मी चहा केला, तो गार झाला.

आता मी नोकरी करते. सुट्टीला वस्तीवर मुलांच्या जन्मनोंदी, शाळेची नावं, आधार एवढंच बघते. पण कागदानं सगळं भागत नाही. माझा भाचा अजून खाकी दिसली की गप्प होतो, त्याला कुणी कधी बोटही लावलेलं नसताना. म्हणून आईला मी आजोबांच्या गोष्टी पोरांसमोर सांगायला लावते. आधी ती "कशाला उकरायचं ते" म्हणायची.

परवा शेजारणीच्या बाळाची नोंद करायला मला रजा मिळेना, तर आई तिला घेऊन स्वतःच कचेरीत गेली. "उद्या या" म्हटल्यावर तिथल्या बाकावर बसून राहिली, आणि संध्याकाळी दाखला घेऊनच परतली.